मालकाचा फोन येत नाही, तरी बातमी का येत नाही?

पत्रकारितेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेल्या एका मुलीने विचारलं आहे : "पैसेवाले आणि सत्ताधारी बातम्यांवर प्रभाव टाकतात, असं सगळेच म्हणतात. पण नेमकं घडतं काय? संपादकाला फोन येतो का? मालक काय छापायचं ते सांगतो का? की ही हरलेल्या पक्षांची नेहमीची ओरड आहे?"

फोन येतो, पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार कमी वेळा. मी आधी तालुक्याचा वार्ताहर होतो, मग जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आलो, पुढे आवृत्ती सांभाळली. हे सगळं पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात. ‘ही बातमी लावू नका’ असं कुणी तोंडावर सांगितल्याचे प्रसंग आठवायला मला बसावं लागेल. न लागलेल्या बातम्या मात्र ढिगाने आठवतात. त्यातल्या बहुतेक कुणी अडवल्या नव्हत्या, कारण त्या लिहिल्याच गेल्या नव्हत्या. त्यामुळे संपादकाच्या केबिनपेक्षा जाहिरात विभागाची वसुलीची वही बघा, तिथे जास्त सापडेल.

सुरुवात अंकाच्या हिशेबापासून करू. मोठ्या पानांचा बारा पानी अंक वजनाला साधारण पन्नास ग्रॅम भरतो. वृत्तपत्राचा कागद गेल्या काही वर्षांत किलोला ढोबळमानाने पन्नास ते ऐंशी रुपयांच्या दरम्यान राहिला. म्हणजे नुसता कागदच अडीच ते चार रुपयांचा. अंकाची किंमत पाच रुपये धरा. त्यातून एजंट आणि विक्रेत्याचं कमिशन गेलं की मालकाच्या हातात तीन-सव्वातीन रुपये पडतात. शाई, छपाई, रात्री अडीचला निघणारी टॅक्सी, पगार, वीज यांतलं काहीच अजून मोजलेलं नाही. वाचक कागदाचेही पैसे धड देत नाही, बाकी सगळा खर्च जाहिरातदार उचलतो. आणि जो खर्च उचलतो, त्याला दुखवायचं म्हटलं की आधी विचार होतो.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. १९५६ मध्ये केंद्राने कायदा करून, आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढून, अंकाची किंमत पानांच्या संख्येशी बांधली होती. जास्त पानं द्यायची तर जास्त किंमत लावा. जाहिरातींनाही किती जागा द्यायची यावर बंधन. हेतू असा की, भांडवलदारांच्या जाड अंकांपुढे छोटी पत्रं टिकावीत. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं ते आपलं पुण्याचं ‘सकाळ’, नानासाहेब परुळेकरांचं. १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा आणि आदेश रद्द केला. खप कमी होईल असं काही करणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला, असा त्या निकालाचा गाभा. निकाल योग्यच होता, सरकारच्या हातात ती कात्री देणं धोक्याचं होतं. पण त्या निकालानंतर बाजाराच्या हातातली कात्री कुणी काढून घेऊ शकलं नाही. नव्वदच्या दशकात बड्या इंग्रजी दैनिकांनी किमती पाडल्या, मग मराठीतही तेच झालं, आणि वाचकाला स्वस्त अंकाची सवय लागली. आज सहा रुपये केले तरी एजंटांचे फोन सुरू होतात.

आता जिल्ह्यात या. मुंबई-पुण्यात जाहिरातदार शेकड्याने. एक बिल्डर रुसला तर दुसरा येतो. जिल्ह्याच्या गावी मोठे जाहिरातदार हाताच्या बोटांवर : साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, दूध संघ, दोन-चार पतसंस्था, एक मोठी शिक्षणसंस्था, एखादं मल्टिस्पेशालिटी रुग्णालय, सोन्या-चांदीची पेढी. आणि आपल्याकडची गंमत अशी की, या यादीतल्या निम्म्या संस्थांच्या अध्यक्षपदी एकच माणूस किंवा त्याच्या घरातलं माणूस असतं. कारखान्याचे चेअरमन दादा, बँकेवर संचालक भाऊ, शिक्षणसंस्थेच्या सचिव वहिनी, आणि दादाच आमदार. बॉयलर अग्निप्रदीपनाची जाहिरात, गळीत हंगाम शुभारंभाची जाहिरात, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, प्रवेश सुरूची जाहिरात, सगळ्यांचं बिल शेवटी एकाच वाड्यावर जातं. आर्थिक सत्ता आणि राजकीय सत्ता अशी वेगळी प्रकरणं पुस्तकात असतात. जिल्ह्यात ती एकाच गाडीतून उतरतात.

या वाड्याच्या आणि वर्तमानपत्राच्या मधे उभा असतो तालुक्याचा वार्ताहर. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माध्यमांवरच्या चर्चासत्रांत हा माणूस कधी दिसत नाही. तो बहुतेकदा पगारदार नसतो. महिन्याला मिळणारं मानधन इतकं की त्यात मोटारसायकलचं पेट्रोलही निघत नाही. कुणी शिक्षक, कुणी झेरॉक्सवाला, कुणाचं कृषी सेवा केंद्र. पुष्कळदा अंकाची एजन्सीही त्याच्याकडेच. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच. बड्या शहरांत संपादकीय आणि जाहिरात यांच्यात भिंत असते म्हणतात. इथे भिंत घालायची तर त्या माणसाच्या मधूनच घालावी लागेल.

वर्षातून एकदा वाड्यावरच्या दादांचा वाढदिवस येतो. आवृत्तीच्या कार्यालयात अशा वाढदिवसांची यादी जानेवारीतच तयार असते. तारखेआधी तीन-चार आठवडे तालुक्याला निरोप जातो : चार पानी पुरवणी करायची आहे, तुमचं टार्गेट इतकं. मग वार्ताहर बाहेर पडतो. सरपंचांकडे, सोसायटीच्या चेअरमनकडे, रस्त्याच्या ठेकेदाराकडे, पेट्रोल पंपावर, पतसंस्थेत. कुणाची पाव पान, कुणाची पट्टी, खाली ‘शुभेच्छुक’ आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. फोटोंचा क्रम हा एक स्वतंत्र विषय आहे. तो चुकला तर पुरवणीचं बिल बुडालंच म्हणून समजा. मधल्या जागेत दादांवर दोन लेख. एक दादांच्याच महाविद्यालयातल्या प्राध्यापकांच्या नावे आणि दुसरा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या नावे. दोन्ही लिहिलेले असतात त्या वार्ताहरानेच, रात्री जेवण झाल्यावर, गेल्या वर्षीची पुरवणी समोर ठेवून. ‘कार्यसम्राट’ आणि ‘विकासपुरुष’ हे शब्द एकाच परिच्छेदात येऊ द्यायचे नाहीत, एवढीच काय ती संपादकीय शिस्त.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. खरी गोष्ट पुरवणी छापून झाल्यावर सुरू होते. ज्यांनी ‘टाका हो आमची पण’ म्हटलं होतं त्यांतले निम्मे लोक पैसे देत नाहीत. पुष्कळ ठिकाणी रिवाज असा की, जाहिरात वार्ताहराच्या खात्यावर नावे पडते आणि वसुली त्याने करायची. नाही झाली तर मानधन आणि कमिशनमधून वळती. मग तो पुढचे सहा महिने दादांच्या स्वीय सहायकाला फोन करत राहतो : साहेब, तेवढं त्या ठेकेदाराला सांगा ना. आता त्याच ठेकेदाराने केलेला रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला, तर बातमी कोण लिहिणार? गाव व्हॉट्सॲपवर फोटो टाकतं, वार्ताहर ते बघतो, आणि लिहितो : ‘अतिवृष्टीमुळे रस्त्याची दुरवस्था’. दोष पावसाचा. यात मालकाचा फोन कुठे आला? आमदाराने धमकी कधी दिली? वार्ताहर लाच खाऊन बसला आहे असंही नाही. स्वतःचे अडकलेले पैसे त्याला परत हवे आहेत, एवढंच.

राजकारण्यांना हे पक्कं ठाऊक असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी नगरला कार्यकर्त्यांना सांगितलं होतं की, आपल्या बूथवरच्या पत्रकारांची यादी करा, त्यांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, म्हणजे विरोधात काही छापून येणार नाही. ध्वनिफीत बाहेर आल्यावर गदारोळ झाला आणि त्यांनी ‘पत्रकारांना सन्मानाने वागवा एवढंच म्हणायचं होतं’ असा खुलासा केला. पत्रकार संघटनांनी निषेध केला तो बरोबरच. पण चहाला बोलावणारा कार्यकर्ता प्रत्येक पक्षात असतो, आणि मानधन इतकं तुटपुंजं का, हा प्रश्न त्या निषेधाच्या पत्रकांत फारसा नव्हता.

वार्ताहराने धीर करून बातमी पाठवलीच, तर डेस्कवर तिचं काय होतं तेही जवळून पाहा. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे शेतकऱ्याला मिळायला हवेत. समजा अमुक कारखान्याने दोन महिने पैसे दिले नाहीत. बातमी येते ती अशी : कारखान्याचं नाव, चेअरमनचं नाव, थकीत रक्कम, साखर आयुक्तालयाचा आकडा, दोन शेतकऱ्यांची नावानिशी प्रतिक्रिया. मुख्य उपसंपादक वाचतो. तो काही विकला गेलेला माणूस नसतो. तो विचारतो, ‘कारखान्याची बाजू घेतली का?’ प्रश्न रास्त आहे. बाजू मिळेपर्यंत बातमी थांबते. कार्यकारी संचालक दोन दिवस फोन उचलत नाहीत. तिसऱ्या दिवशी बातमी शिळी झाली म्हणून जिल्ह्यातल्या बाकी कारखान्यांचे आकडेही त्यात घालायचं ठरतं, ‘म्हणजे बातमी व्यापक होईल’. व्यापक झाली की नावं गळतात. शेवटी चौथ्या पानावर एक कॉलम येतो : ‘जिल्ह्यातील काही कारखान्यांकडे एफआरपी थकीत, शेतकऱ्यांमध्ये नाराजी’. प्रत्येक पायरीवर कारण पत्रकारितेचंच होतं, आणि प्रत्येक पायरीवर बातमीतला एक दात निघाला. चहा आणि ढाबा यांसारखी छोटी आमिषं मी हसण्यावारी नेतो. या पायऱ्यांपुढे ती काहीच नाहीत.

सरकारी जाहिराती हा याचाच मोठा अवतार. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जाहिरातींसाठी यादी असते, अ, ब, क असे वर्ग असतात. केंद्राच्या जाहिराती वाटायला दिल्लीत पूर्वी डीएव्हीपी होतं, आता केंद्रीय संचार ब्यूरो आहे. दर खपावर ठरतो, म्हणून खपाचे आकडे फुगवले जातात. जिल्ह्याजिल्ह्यात अशी साप्ताहिकं आणि दैनिकं आहेत की, जी यादीवर टिकण्यापुरतीच, फाइलला लावायला छापली जातात. निविदा, भूसंपादनाच्या नोटिसा, योजनांच्या पानभर जाहिराती, यांवर छोट्या पत्राचं अख्खं वर्ष निघतं. इथे दबाव आणायला जाहिरात बंद करावीच लागते असं नाही. बिल थकवलं तरी पुरे. आणि बिलं तशीही थकतात, त्यामुळे आपलं बिल मुद्दाम थकवलंय की नेहमीच्या गतीने थकलंय, हे शेवटपर्यंत कळत नाही. मालक मग सावध राहतो, दोन्ही शक्यता धरून.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने माध्यम संनियंत्रण केंद्र उभारायचा निर्णय घेतला, त्यासाठी दहा कोटींची तरतूद केली. छापील, वाहिन्यांवरच्या आणि ऑनलाइन बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी करायची. सरकारने बातम्या वाचाव्यात, त्यात गैर काही नाही. कात्रणं काढण्याचं काम जिल्हा माहिती कार्यालयं पूर्वीपासून करतातच. पण बातम्यांवर ‘नकारात्मक’ असा शिक्का मारणारं आणि जाहिराती वाटणारं सरकार एकच आहे, हे छोट्या पत्राच्या मालकाला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

पडद्याआडची ही देवघेव एकदा उघड्यावर आली ती २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. तेव्हा ‘पॅकेज’ हा शब्द उमेदवारांच्या तोंडी सर्रास होता. प्रचारफेरीची बातमी इतके, मुलाखत इतके, विरोधकाची बातमी न लावण्याचे इतके. ज्याचं पॅकेज नाही त्याच्या सभेला दहा हजार माणसं आली तरी तो अंकात दिसत नसे. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये त्या निवडणुकीतली कात्रणं मांडली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा एकच मजकूर, त्याच मथळ्याखाली, परस्परांचे स्पर्धक असलेल्या तीन मराठी दैनिकांत आला होता. रंगीत पानांच्या पानं कौतुकाने भरली होती. आणि निवडणूक आयोगाला दिलेल्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये, केबलवरच्या जाहिरातींचा ६,०००. डेस्कवर बसलेल्या आम्हा लोकांना कौतुकाच्या पानांचं नवल नव्हतं; तीन पेपरांत स्वल्पविरामासकट सारखा मजकूर जावा, इतका निष्काळजीपणा झाल्याचं नवल वाटलं. निदान मथळा तरी बदलायचा!

पुढे काय झालं ते तुमच्या पिढीला सहसा शिकवत नाहीत. वृत्तपत्रांच्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० मध्ये ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांची नावं घेऊन. कौन्सिलवर मालकांचे प्रतिनिधीही बसतात. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने तो अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध न करता छोटा, बिननावाचा मसुदा स्वीकारला. मूळ अहवाल कौन्सिलच्या संकेतस्थळावर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर. माध्यमांवर कुणाचा प्रभाव आहे याच्या अहवालावरच माध्यममालकांचा प्रभाव पडला, इतकं चोख उदाहरण कल्पनेनेही सुचलं नसतं.

चव्हाणांनी पैसे देऊन बातम्या छापून आणल्याचा आरोप नाकारला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, निवडणूक खर्चाचा हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगाने हिशेब योग्य रीतीने दिला नसल्याचं म्हणत त्यांना नोटीस बजावली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची ती कारवाई रद्द केली. चव्हाण आज भाजपचे राज्यसभा सदस्य आहेत. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांची गोष्ट मात्र वेगळी झाली : दोन हिंदी दैनिकांत छापून आलेल्या मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च त्यांनी दाखवला नव्हता, म्हणून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. पेड न्यूजवरून आमदार अपात्र ठरण्याची ती पहिली वेळ. एकीकडे खर्चाचा आकडा हाती लागला, दुसरीकडे मजकूर साऱ्या राज्याने वाचला तरी पैसे दिल्याचं सिद्ध झालं नाही. पेड न्यूज आजही स्वतंत्र गुन्हा नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये तशी शिफारस केली, ती तिथेच पडून आहे.

मालकीबद्दल फार बोललं जातं, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. ‘लोकमत’ दर्डा कुटुंबाचं. जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, विजय दर्डा राज्यसभेत होते, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री होते. ‘सकाळ’ ऐंशीच्या दशकात पवार कुटुंबाकडे आलं, प्रतापराव पवार हे शरद पवारांचे बंधू. ‘सामना’ १९८८ पासून शिवसेनेचं आणि फुटीनंतर ठाकरे गटाचं मुखपत्र, ‘प्रहार’ २००८ मध्ये नारायण राणे यांनी काढलं, नागपूरचं ‘तरुण भारत’ संघविचाराचं. हे सगळं उघड आहे, आणि उघड असल्यामुळे मला त्याची तितकीशी भीती वाटत नाही. ‘सामना’ उघडणाऱ्याला आपण काय वाचतोय ते ठाऊक असतं. शिवाय या पत्रांची माणसं एकमेकांच्या नेत्यांची लफडी बाहेर काढायला टपलेली असतात, त्याचा वाचकाला फायदाच होतो. अडचण अशा विषयांची, ज्यांत सगळ्यांचे हात गुंतलेले असतात. सहकारी बँकांची कर्जं, शिक्षणसम्राटांच्या जमिनी, वाळू. तिथे सर्वपक्षीय शांतता असते.

गोव्यात हे अधिक ठळक दिसलं. मुक्तीनंतर १९६२ मध्ये चौगुले यांनी ‘गोमन्तक’ सुरू केलं, १९६३ मध्ये धेंपो यांनी ‘नवहिंद टाइम्स’. मराठी ‘नवप्रभा’ही धेंपोंचंच. दोन्ही घराणी खाणव्यवसायातली. या पत्रांनी मराठी पत्रकारितेला चांगले संपादक दिले, भाषावादात भूमिका घेतल्या, मोठं काम केलं. खाणींच्या धुळीबद्दल त्यांत काहीच आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ज्या धंद्यावर राज्याचं अर्थकारण उभं होतं, त्याचा हिशेब मागितला तो बाहेरच्यांनी : केंद्राने नेमलेल्या शहा आयोगाने, ज्याच्या २०१२ मधल्या अहवालात बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता, आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने. आता ‘गोमन्तक’ सकाळ समूहाकडे आहे आणि धेंपोंनी खाणी २००९ मध्येच विकल्या, तेव्हा हे चित्र कालचं म्हणून वाचा.

राष्ट्रीय पातळीवर जाहिरातीपेक्षा कर्ज आणि भागभांडवल बोलतं. टाइम्स समूहाने २००५ च्या सुमारास कंपन्यांचे शेअर घेऊन त्या बदल्यात जाहिराती द्यायला सुरुवात केली. ज्या कंपनीचे शेअर आपल्या तिजोरीत, तिची वाईट बातमी देण्यात आपलंच नुकसान. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २००९ मध्ये यावर चिंता व्यक्त केली, २०१० मध्ये अशी गुंतवणूक जाहीर करणं बंधनकारक झालं. जाहीर केलेलं वाचतो कोण, हा पुढचा प्रश्न. एनडीटीव्हीच्या प्रवर्तक कंपनीने २००९-१० मध्ये सुमारे ४०३ कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं. कर्ज देणारी छोटी कंपनी ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने विकत घेतली, आणि वर्ष संपेपर्यंत वाहिनी त्यांच्याकडे गेली. बारा-तेरा वर्षं त्या कर्जाबद्दल प्रेक्षकाला काही जाणवलं नव्हतं. रिलायन्सने २०१४ मध्ये नेटवर्क १८ ताब्यात घेतलं, तेव्हा लोकमतबरोबर चालवली जाणारी मराठी वाहिनीही त्या छत्राखाली आली.

या सगळ्यात पत्रकाराने ताठ राहायचं तर पायाखाली काही हवं ना? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ते दिलं होतं : नोकरीचं संरक्षण, वेतन मंडळ. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या. तोवर बहुतेक मालकांनी लोकांना कंत्राटावर घेतलं होतं. ‘मला मजिठिया नको’ असं लिहून दिलेले अर्ज मी पाहिले आहेत, सगळे एकाच टायपातले. ज्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतं, तो फेब्रुवारीत कुणाशी वाकडं घेत नाही. संपादकही त्याच कंत्राटावर असतात, फक्त आकडा मोठा.

पेपराबाहेरचा धोका वेगळाच. राजापूरचे शशिकांत वारीशे यांनी ‘महानगरी टाइम्स’मध्ये तिथल्या प्रस्तावित तेल रिफायनरीचं समर्थन करणाऱ्या एका माणसाबद्दल बातमी दिली. ती ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली. त्याच दिवशी त्यांना गाडीने उडवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केलेला होता. तालुक्याच्या वार्ताहराला मात्र ‘तू आमचा पत्रकारच नाहीस, मानधनावर आहेस’ असं त्याचाच पेपर पोलीस ठाण्यात सांगू शकतो, आणि सांगतोही.

मग बातम्या बाहेर येतात तरी कशा? येतात, आणि त्याच्या युक्त्या तुम्हाला कामाला लागतील. आपल्याकडे लागणार नाही अशी बातमी प्रतिस्पर्धी पेपरच्या मित्राला कागदपत्रांसह द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत आपलाच आवृत्तीप्रमुख विचारतो, ‘ही आपल्याकडे कशी चुकली?’ आणि पाठपुरावा करायला तुम्हालाच पाठवतो. दुसरा मार्ग विधिमंडळाचा : विरोधी आमदाराने तारांकित प्रश्न टाकला की उत्तरासकट सगळं छापता येतं, मानहानीच्या नोटिशीची धास्ती राहत नाही. तिसरा, औरंगाबाद खंडपीठातली जनहित याचिका. याचिकाकर्त्याचं म्हणणं म्हणून ज्या गोष्टी लागतात, त्या वार्ताहराच्या नावाने कधीच लागल्या नसत्या. माहिती अधिकारात मिळालेला कागदही तसाच, डेस्कला त्यावर बोट ठेवता येतं. कागद नसेल तर बातमीच्या मागे एकटेच उभे राहाल, त्यामुळे आधी कागद मिळवा. यूट्यूबवर स्वतःचं चॅनल काढून हे सगळं टळेल असं वाटत असेल, तर तालुक्यातल्या चॅनलवाल्यांना दिवाळीच्या शुभेच्छांचे व्हिडिओ कुणाकुणाकडून मिळतात ते एकदा विचारा.

हरलेल्या पक्षांची ओरड आहे का, हेही तुम्ही विचारलं होतं. असते, जिंकल्यावर तेच पक्ष त्याच पॅकेजबद्दल बोलत नाहीत, पण त्याने तक्रार खोटी ठरत नाही. तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर आपल्या जिल्ह्याचा अंक महिनाभर जपून ठेवा. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रमोशनल’ आहे का पाहा. ज्या बातमीला ना वार्ताहराचं नाव, ना विरोधी बाजू, ना एकही प्रश्न, ती बाजूला काढा, आणि त्याच आठवड्यात त्या संस्थेची जाहिरात किती पानांवर होती ते जुळवा. ‘शहरातील एका नामांकित रुग्णालयात’ अशी सुरुवात दिसली, तर ते नाव दुसऱ्या कुठल्या पानावर मोठ्या टायपात छापलेलं असतं का, तेही बघा. पुष्कळदा असतं.

निवडणूक लागली आणि शंकास्पद मजकूर दिसला तर जिल्हा पातळीवरच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे, म्हणजे एमसीएमसीकडे, तक्रार करता येते. कात्रण, तारीख, आवृत्तीचं नाव आणि दुसऱ्या पेपरातला तसाच मजकूर सापडला तर तोही जोडा. या समितीचं सचिवपद सहसा जिल्हा माहिती अधिकाऱ्याकडे असतं, आणि सरकारी जाहिरातींचा कारभारही त्याच कार्यालयातून चालतो. तेव्हा अर्जावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.